भागाबाईचं ऑपरेशन

भागाबाईला दोन लेकरं झाली आणि दोन्ही गेली. पहिला मुलगा नाव ठेवायच्या आधीच गेला. दुसरी मुलगी चांगली रांगायला लागली होती, उंबऱ्यावर हात टेकून उभी राहायला बघायची. तिला हगवण लागली आणि ओढ्याला पाणी असल्यामुळे गाडी भीमपूरपर्यंतही गेली नाही. त्यानंतर काही महिन्यांनी भागाबाईच्या पोटात दुखायला लागलं. ओटीपोटात डाव्या बाजूला काहीतरी घट्ट हाताला लागायचं. गावची सुईण प्रयागबाई हिनं तेल लावून पोट चोळलं आणि गोळा आहे, माझ्या हातचं काम नाही, असं सांगितलं.

गाव आंध्रातलं, नदीकाठचं, भीमपूरहून आत. नदीपलीकडे महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि सरकारचं काही काम निघालं की तेलुगू, अशी तिथली रीत होती. डोमाजीला, म्हणजे भागाबाईच्या नवऱ्याला, मराठी सोडून बाजारापुरती हिंदी येत होती. भागाबाईला तेवढीही येत नव्हती. कापूस आणि ज्वारी पिकवणारं ते घर, खाऊनपिऊन ठीक. डोमाजी एकुलता एक, त्यामुळे त्याची आई वच्छलाबाई नातवाची वाट बघत होती. पण ती सुनेला टोचून बोलणारी बाई नव्हती. दोन्ही लेकरांना तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं आणि दोन्हींच्या वेळी ती सुनेच्या बरोबरीनं रडली होती.

डोमाजी भागाबाईला घेऊन आदिलाबादला गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि हिंदीत सांगितलं की गर्भाच्या पिशवीशेजारी गोळा आहे, ऑपरेशन करून काढावा लागेल, तो निघाल्यावर मूल राहील. डोमाजीनं त्यांना पुन्हा विचारलं, ऑपरेशन झाल्यावर लेकरू होईल ना? होईल, त्या म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात नाव घाला.

घरी येईपर्यंत तो शब्द डोमाजीच्या तोंडात बसला होता. "आपरेशन झालं की लेकरू होईन म्हणाल्या बाई," त्यानं आईला सांगितलं. वच्छलाबाई आधी दचकली. पोट कापायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पण मग तिनं देवीला नवस बोलला आणि शेजारणींना स्वतःच सांगत सुटली की भागीचं आपरेशन आहे. दोनदा ते आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आले. एकदा कापणारे डॉक्टर रजेवर होते आणि दुसऱ्यांदा आत पाणी नव्हतं. उन्हाळ्यानंतर या, असं सांगून परत पाठवलं.

गावाला नसबंदी हा शब्द माहीत होता. काही वर्षांपूर्वी जीपचा आवाज आला की गावातले बाप्ये उभ्या ज्वारीत जाऊन बसायचे, ते त्या शब्दाच्या भीतीनं. पण ती पुरुषांची गोष्ट होती आणि तिला नाव वेगळं होतं. बायकांचंही तसं काही करतात हे प्रयागबाईसारख्या चार गावं फिरणाऱ्या बाईला माहीत होतं. डोमाजीच्या घरात ते कोणाला माहीत नव्हतं.

त्याच गावातले लक्ष्मणराव भीमपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांचे वडील डोमाजीच्या वडिलांकडे सालगडी होते. बौद्धवाड्यातून शिकून बी.ए. झालेला तो पहिला मुलगा. आता सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. वच्छलाबाईसुद्धा म्हणे, आणि ते ओट्यावर आले की आपला पदर सावरून बसे. मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजीची धास्ती वाटू नये म्हणून ते हसवून शिकवत. एका शब्दाचे पाच अर्थ निघतात, जागा बघून अर्थ धरायचा, असं ते फळ्यावर लिहून दाखवायचे. 'आय ॲम वेल' याचं एका पोरानं 'मी विहीर आहे' असं केलं होतं, ती गोष्ट ते दरवर्षी नव्या वर्गाला सांगत आणि वर्ग दरवर्षी हसे. आदिलाबादला शिकल्यामुळे त्यांचं तेलुगू चांगलं होतं. म्हणून गावात कोणी सरकारी माणूस आला की त्यांना बोलावणं जाई.

पंच्याऐंशी सालच्या थंडीत नर्सबाई आल्या. नवीनच होत्या, तिकडे खालच्या जिल्ह्यातल्या, त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांना वरून केसेसचा आकडा ठरवून दिला होता आणि महिना संपत आला होता. चावडीपाशी जमलेल्या चार बायांना लक्ष्मणरावांनी त्यांचं म्हणणं मराठीत समजावून दिलं: ज्यांना मुलं पुरे झाली त्यांच्यासाठी गुरुवारी जवळच्या सरकारी दवाखान्यात शिबिर आहे, न्यायला आणायला जीप आहे. बायांनी ऐकून घेतलं आणि एकेक करून निघून गेल्या.

डोमाजी शेतातून आला तेव्हा हे सगळं बोलून झालं होतं. वाटेत कोणीतरी त्याला सांगितलं होतं की नर्सबाई आल्यात, आपरेशनचं सांगतात. तो तसाच मातीच्या पायांनी चावडीवर आला.

"गुरुजी, आमच्या घरच्याचं होईन काय तिथं आपरेशन?"

लक्ष्मणरावांना भागाबाईच्या गोळ्याचं माहीत होतं. आदिलाबादहून कापणारे डॉक्टर येणार आहेत, ऑपरेशनचं सामान येणार आहे, मग हेही होऊन जाईल असं त्यांना वाटलं. बिचारे दोनदा परत आलेले. ते नर्सबाईंकडे वळले आणि तेलुगूत म्हणाले की याच्या बायकोचं ऑपरेशन करायचं आहे, तिथं होईल का. नर्सबाईंचा चेहरा खुलला. का नाही होणार, त्या म्हणाल्या, जरूर पाठवा. कोणतं ऑपरेशन हे त्यांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

"होईन म्हणते," लक्ष्मणराव म्हणाले. डोमाजीनं त्यांना हात जोडले.

गुरुवारी आपणही सोबत येऊ असं लक्ष्मणरावांनी कबूल केलं होतं. पण त्या दिवशी शाळेची तपासणी निघाली. त्यांनी सकाळीच येऊन सांगितलं की काळजी करू नका, नर्सबाईंशी बोलणं झालंय.

जीपमध्ये आणखी तीन बाया होत्या, दुसऱ्या गावांच्या, प्रत्येकीच्या मांडीवर पोर. भागाबाईला त्यांचं नवल वाटलं. हिलाही गोळा, तिलाही गोळा, असं तिच्या मनात आलं. शेजारच्या बाईला तिनं पोटाला हात लावून विचारलं, तुलेबी दुखते काय? ती गोंडीण होती. ती हसली आणि आपल्या मांडीवरच्या पोराला भागाबाईकडे दिलं, जरा धर म्हणून. भागाबाईनं त्याला दवाखान्यापर्यंत धरून ठेवलं.

दवाखान्यात डोमाजीसकट सगळ्या पुरुषांना फाटकाबाहेर थांबवलं. आत व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि बाया ओळीनं बसवल्या होत्या. एक माणूस टेबलाशी बसून प्रत्येकीला विचारत होता. भागाबाईला त्यानं आधी तेलुगूत विचारलं, मग तिला कळत नाही हे बघून हिंदीत.

"बच्चे कितने हुए?"

बच्चे हा शब्द तिला कळला. किती झाले, हेही कळलं. तिनं दोन बोटं वर केली. त्यानं मान हलवली आणि पुढच्या बाईकडे बघितलं.

आत फार वेळ लागला नाही. सुई टोचली, डोळ्यांवर फडकं टाकलं. पोट ओढल्यासारखं झालं. तिनं वच्छलाबाईच्या देवीचं नाव घेतलं. नंतर सतरंजीवर पडून राहिली असताना तिला बरं वाटत होतं. दुखत होतं, पण ते कामाचं दुखणं होतं. संध्याकाळी जीपनं तिला घरी सोडलं. वच्छलाबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि डोमाजीला विचारलं, "गोळा दाखवला काय तुले?" कोणाचं ऑपरेशन झालं की डॉक्टर काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवतात, असं तिनं ऐकलं होतं. डोमाजी म्हणाला की गर्दी होती, नसेल दाखवला.

टाके सुकल्यावर प्रयागबाई तिला न्हाऊ घालायला आली. बेंबीखालची ती लहानशी खूण तिनं पाहिली. असल्या खुणा तिनं दुसऱ्या गावांत पाहिल्या होत्या. तिचा हात थांबला. मग तिनं पाणी ओतलं आणि काही बोलली नाही. घरच्यांनी समजूनउमजून केलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. नाहीतर आपण बोलायचं आणि घरात आग लागायची.

त्यानंतरचं दीड वर्ष त्या घरानं आशेत काढलं. वच्छलाबाई सुनेला जड उचलू देत नव्हती. ज्वारीच्या कण्या, तूप, गूळ तिला आधी वाढलं जाई. दर महिन्याला घरात बोलणं कमी होई, आणि भागाबाई बाजूला बसली की वच्छलाबाई चूल हातात घेई. दुखणं गेलं नव्हतं. आतली जखम भरायला वेळ लागते, असं भागाबाई म्हणे. गोळा हाताला लागत होता. तो वाढला आहे असं तिला वाटे, पण गोळा काढला आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते बोलायचं कसं हे तिला कळत नव्हतं.

एकदा शेतात कपाशी निंदता निंदता ती दुखण्यानं खाली बसली ती उठलीच नाही. डोमाजीनं तिला गाडीत घालून भीमपूरला आणि तिथून बसनं आदिलाबादला नेलं, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी तपासलं आणि जरा चिडूनच म्हणाल्या की इतके दिवस काय करत होता, गोळा दुप्पट झालाय, ऑपरेशन करायला सांगितलं होतं ना.

"हो गया, बाई," डोमाजी म्हणाला. "दवाखाने में. दीड साल हुआ."

डॉक्टरीणबाईंनी पातळ बाजूला करून पुन्हा पाहिलं. ती खूण पाहिली. त्यांनी हात धुतले, परत आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांनी विचारलं की मुलं किती आहेत. आहेत, असं विचारलं. डोमाजी म्हणाला, एकही नाही.

त्यांनी मग त्याला बाहेर नेऊन सांगायचा विचार केला असावा, कारण त्या एकदा उठल्या. पण परत बसल्या आणि तिथंच सांगितलं. हे गोळ्याचं ऑपरेशन नाही. गोळा आहे तिथंच आहे. हे मुलं बंद करायचं ऑपरेशन आहे. भागाबाई पलंगावर पडून छताकडे बघत होती. हिंदी तिला येत नव्हती, पण बंद हा शब्द मराठीतही तोच आहे.

ते परतीच्या बसनं निघाले. भीमपूरला उतरल्यावर, गाडीची वाट बघताना, ती पहिल्यांदा बोलली.

"मी दोन बोटं काऊन दाखवली?" ती म्हणाली. "एकबी नाही म्हनायचं होतं."

 डोमाजी म्हणाला, बस इथं, आणि पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा ती आपल्या हाताच्या बोटांकडे बघत बसली होती.

वच्छलाबाईला सांगितलं तेव्हा तिनं आक्रोश केला नाही. ती आत गेली आणि तूप ठेवलेली गाडगी शिंक्यावर टांगून आली. प्रयागबाई मात्र दुसऱ्या दिवशी येऊन उंबऱ्यात रडली. तिनं सांगितलं की मला तेव्हाच वाटलं होतं, पण माझं तोंड उघडलं नाही. तिच्यावर कोणी रागावलं नाही. रागवायचं तर किती जणांवर, आणि त्यानं काय होणार होतं.

डोमाजी लक्ष्मणरावांकडे गेला तो दुपारच्या वेळी, सुट्टीच्या दिवशी. लक्ष्मणराव दारात खाट टाकून पोरांचे पेपर तपासत होते. त्यांनी खाटेवर जागा करून दिली. डोमाजी बसला नाही. आदिलाबादहून आल्यापासून त्याच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो त्यानं विचारला.

"गुरुजी, इंग्रजीत आपरेशन म्हंजे काय?"

लक्ष्मणरावांना वाटलं सहज विचारतोय. "कापून बरं करणं," ते म्हणाले. "मोठ्या कामालेबी म्हणतेत. फौज चाल करून गेली तरी म्हणतेत."

"अन् लेकरं बंद करायचं?"

लक्ष्मणरावांनी पेपर खाली ठेवले. "त्यालेबी म्हणतेत."

"दोन्हीले एकच शब्द?"

"एकच."

डोमाजीनं मग सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. लक्ष्मणराव खाटेवरून उठले आणि भिंतीला धरून उभे राहिले. 

"मी नुसतं आपरेशन म्हणालो, डोमाजी," ते म्हणाले. "पोटातल्या गोळ्याले त्यायच्यात गड्ड म्हणतेत. मले येत होता तो शब्द. गड्ड म्हणालो असतो तर त्या बाईनं तिथंच सांगतलं असतं, इथं होत नाही म्हणून."

"मंग काऊन नाही म्हणाले?"

"सुचलं नाही. दोघांलेबी कळते असा शब्द होता. तोच टाकला मी."

डोमाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाला शिव्या द्याव्यात असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. समोर उभं राहिल्यावर त्याला ते जमलं नाही. तो जायला वळला तेव्हा लक्ष्मणराव चपला न घालता त्याच्या मागे वस्तीच्या टोकापर्यंत आले.

दोघं मिळून शिबिर झालेल्या त्या दवाखान्यात गेले. नर्सबाईंची बदली झाली होती. टेबलामागच्या साहेबांनी लक्ष्मणरावांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. ते उद्धट नव्हते. त्यांनी तेलुगूत समजावलं की ऑपरेशन नीट झालं आहे, बाईला ताप नाही, पू नाही. ऑपरेशन फेल झालं असतं, म्हणजे नंतर बाईला दिवस राहिले असते, तर सरकारकडे तक्रार करता आली असती. इथं फेल झालेलं नाही. केस सक्सेस आहे. लक्ष्मणराव म्हणाले की या बाईला मूल हवं होतं. साहेब म्हणाले, मग ती आली कशाला.

बाहेर डोमाजीनं विचारलं, काय म्हणाले. लक्ष्मणरावांनी या वेळी शब्द न् शब्द मराठीत करून सांगितला. डोमाजीनं ऐकलं. "म्हंजे लेकरू झालं असतं तर चूक म्हणले असते," तो म्हणाला. लक्ष्मणरावांनी मान हलवली.

लक्ष्मणरावांनी मग ध्यास घेतला. आदिलाबादला जाऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात बांधलेली नस परत जोडतात, सगळ्यांचं जुळतं असं नाही, पण आधी तो गोळा काढलाच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. लक्ष्मणरावांनी रजा टाकली, तिथं ओळखीच्या माणसाला लिहिलं आणि सांगायला डोमाजीच्या घरी आले. वच्छलाबाई आणि डोमाजी तयार होते. भागाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. ती बाहेर आली. गुरुजींसमोर ती कधी बोलत नसे.

"तिथं माह्यं काय करतीन?" तिनं विचारलं.

"आधी गोळा काढतीन. मंग नस जोडतीन."

"अन् तुमी त्यायले काय म्हणान, काय करा म्हणून?"

लक्ष्मणरावांनी डोमाजीकडे पाहिलं.

"आपरेशनच म्हणान ना," भागाबाई म्हणाली. "त्यायचा शब्द तोच हाय. मी नाही येत, गुरुजी."

त्यांनी परोपरीनं सांगितलं. या वेळी मी आत उभा राहीन, सगळं तीनदा विचारीन, मराठीत सांगितल्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली की लेकरासाठी मी पोट कापून घेतलं होतं. आता दुखणं बरं करून काय करू. दुखते तवा निदान काहीतरी हाय असं वाटते. मग ती आत गेली आणि जात्यावर बसली.

त्यानंतर तिला कोणीच राजी करू शकलं नाही. डोमाजीनं समजावलं, एकदा हात धरून गाडीत बसवलं. ती गावाच्या शिवेवर उतरून चालत परत आली. वच्छलाबाईनं मग वर्षभरानं डोमाजीच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तोही भागाबाईच्या सांगण्यावरून. भागाबाईनं बाजारहत्नूरकडची आपल्या मावसबहिणीची पोरसुद्धा सुचवली. डोमाजी नाही म्हणाला. त्यात मोठेपणा नव्हता, आणि बायकोवरच्या मायेचंही त्यानं काही बोलून दाखवलं नाही. लग्न, वऱ्हाड, पाळणा हे सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी घरी होणारं आहे, असं त्याला वाटायला लागलं होतं. तो शेतात जाई, येई, जेवी. कापूस विकायला गेला की काट्यापाशी नीट उभा राही, पण भाव काय मिळाला हे घरी येऊन सांगायचं विसरे.

लक्ष्मणराव गावात राहिले, पण डोमाजीच्या ओट्यावर यायचे थांबले. सरकारी माणूस आला की आता ते घरी नाहीत असं सांगत. शाळेत पोरांना ते पुस्तकातले धडे शिकवत, शब्दार्थ फळ्यावर लिहीत आणि पुढे जात. हुशार पोरं विचारत की सर, याचा दुसरा अर्थ पण आहे ना. आहे, म्हणत आणि फळा पुसत.

गोळा वाढत राहिला. काही वर्षांनी तो पातळाखालून दिसायला लागला. भागाबाईचे हातपाय वाळत गेले आणि पोट पुढे आलं. गावातल्यांना माहीत होतं, पण परगावच्यांना कसं कळणार. बाजारात बांगडीवाली तिला हिरव्या बांगड्या दाखवी. एका परक्या म्हातारीनं देवळाच्या पायरीवर तिच्या डोक्यावर हात ठेवून मुलगा होईल असं सांगितलं. भागाबाईनं कोणाला खोडून काढलं नाही.

एक्याण्णव साली तिला पाणीही पचेनासं झालं, तेव्हा कुठे ती आदिलाबादला यायला तयार झाली. तयार झाली म्हणजे नाही म्हणायची ताकद उरली नव्हती. बसला गर्दी होती. डोमाजीनं तिला दांड्याला धरून उभी केली. पुढच्या बाकावर एक तेलुगू बाई बसली होती, बाजारहाट करून निघालेली. तिनं भागाबाईकडे पाहिलं, लगेच उठली आणि तिला आपल्या जागेवर बसवलं. बसची धक्काबुक्की पोटाला लागू नये म्हणून ती स्वतः आडवी उभी राहिली. मग तिनं वाकून मायेनं विचारलं की कितवा महिना. इतक्या वर्षांत बाजारातली तेलुगू भागाबाईच्या कानावरून गेली होती. महिना कळत होता, आकडे येत होते.

"आठवा," तिनं त्या भाषेत सांगितलं.

डोमाजी शेजारीच उभा होता. त्यालाही ते कळलं. त्या बाईनं पिशवीतून चिंचेचं बुटुक काढून भागाबाईला दिलं आणि भागाबाईनं ते तोंडात धरलं. बऱ्याच दिवसांत तिनं पहिल्यांदा काही तोंडात घेतलं होतं. तिच्या चेहऱ्यावर डोमाजीला असं काही दिसलं की त्यानं मान वळवली आणि आदिलाबाद येईपर्यंत तो बाहेरच बघत राहिला. उतरताना त्या बाईनं डोमाजीला बजावलं, सांभाळून ने. तो हो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी ऑपरेशनचं नाव घेतलं नाही. घरी न्या, म्हणाल्या, खाईल ते द्या. ज्वारीला कणसं धरत होती त्या दिवसांत भागाबाई गेली. माती द्यायला नदीवर गाव आलं होतं. लक्ष्मणराव सगळ्यांच्या मागे उभे होते. त्यांनी मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता परत गेले.

पुढे चार वर्षांनी वच्छलाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. गावात नवी नर्स आली होती, जिल्ह्यातल्याच मुधोळकडची, मराठी घरातली, बोलायला गोड. तिनं ओट्यावर बसून वच्छलाबाईला सगळं नीट सांगितलं. फक्त डोळ्याचं आहे, डोळ्यावरचा पडदा काढतात, दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडतात, मी स्वतः सोबत येते. तिनं एकही शब्द अर्धवट ठेवला नाही. डोमाजी खांबाला टेकून ऐकत होता. वच्छलाबाईनं तिचा हात चाचपून आपल्या हातात घेतला.

"बाई, तू खरंच बोलत असशीन," ती म्हणाली. "पण राहू दे."

नर्सनं डोमाजीकडे पाहिलं, तुम्ही तरी सांगा म्हणून.  डोमाजीनं तिला चहा दिला आणि फाटकापर्यंत पोहोचवलं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत वच्छलाबाईला उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. भाकरी डोमाजी थापतो. सकाळी तो आईचा हात धरून तिला परसात नेतो, तोंड धुवायला पाणी देतो, ऊन असेल तिथं बसवतो आणि मग शेतात जातो. दिवसभर ती तिथंच बसून असते. ऊन सरकलं की तिला अंगाला गार लागतं, पण सरकून कुठे बसायचं हे कळत नाही, म्हणून ती तशीच बसून राहते.